हलीमाबायचा हिरवा

गेल्या महिन्यात आमच्या कारापूरच्या नाट्यमंडळाची बैठक देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे धर्मशाळेत, भरली होती. वर्धापनदिनाला ऐतिहासिक नाटक करायचं ठरलं, पात्रं वाटून झाली आणि कपड्यांचा विषय निघाला. मंडळात नव्यानं आलेली कॉलेजातली एक मुलगी सहज म्हणाली, "खानाला हिरवा झगा घेऊया, बाकीच्यांचं मग बघू." त्याबरोबर बाकांवर टेकून बसलेले तिघेचौघे जुने नट एकदम ओरडले, "हिरवो नाका! हलीमाबाय येतली!"

हलीमाबायला जाऊन दोन वर्षं झाली. ते लक्षात येऊन मग सगळेच हसले. ती मुलगी मात्र भांबावून एकेकाकडे पाहत राहिली. तिला समजावून सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सुरुवात केली आणि थोड्याच वेळात कळून चुकलं, की ही बाई अशी बैठकीच्या कडेला बसून सांगण्यासारखी नाही.

साखळीच्या बाजारात, मासळीची बाजू संपून कापडाची बाजू सुरू होते तिथे हलीमाबायची ड्रेपरी होती. ड्रेपरी म्हणजे नाटकाचे कपडे भाड्यानं देणारं दुकान. आमच्या गोव्यात, इकडे डिचोलीत काय नि तिकडे पेडण्यात काय, देवळाचा उत्सव म्हटला की गावकऱ्यांचं नाटक हवंच. पालखी एक वेळ उशिरा निघेल, पण नाटक चुकणार नाही. त्यामुळे दुकानाला वर्षभर काम असे. दुकान मूळ तिच्या बापाचं. तो शिंपी होता. त्याला मुलगा नव्हता आणि हलीमाबाय नवरा लवकर वारल्यामुळे लहानग्या लेकीला, नसरीनला, घेऊन माहेरी आली होती. बापानं तिच्या हातात कातर दिली. बाईमाणसानं पुरुष नटांना कपडे चढवायचे म्हणजे काय, असं हिंदू काय, मुसलमान काय, दोन्हीकडच्या लोकांनी सुरुवातीला विचारून पाहिलं म्हणतात. तिनं कुणाला काय उत्तर दिलं ते मला ठाऊक नाही. मी तिला पाहिलं तेव्हा ते प्रश्न विचारणारे लोकच तिच्याकडून पगड्या बांधून घेत होते.

उंच, सडपातळ बाई. डोक्यावरून नेहमी पांढरी ओढणी, गळ्यात माप घ्यायची फीत, आणि ओठांत दोनतीन टाचण्या. टाचण्यांमुळे ती तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायची आणि ते तसलं बोलणं आम्हा सगळ्यांना सवयीनं समजायचं. पण तिनं ओठांतल्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या, की शहाण्यानं गप्प बसावं. आता खरं बोलणं यायचं असे.

नेहमीच्या नटांची मापं ती घेत नसे. नुसतं वरून खाली पाहायची आणि म्हणायची, "वजन वाडलां." आमचा विष्णू गावकर, खाणीवर चालणाऱ्या ट्रकांचा मालक आणि मंडळाचा कायमचा खलनायक, कमरपट्टा बांधताना पोट आत ओढून उभा राहायचा. ती पट्टा हातात धरून शांतपणे थांबायची. तिला घाई नसायची. शेवटी विष्णूला श्वास सोडावाच लागायचा, आणि मग ती पट्टा बांधायची.

कपडे चढवण्याचा तिचा क्रमही ठरलेला. आधी सैनिक, मग दरबारी, सगळ्यांत शेवटी राजा. एकदा राजाचं काम करणारा नट यावर कुरकुरला, तर म्हणाली, "राजाक सगळे पळयतात. सैनिकाक कोण पळयता? म्हणून तेका आदीं हांव पळयतां." पळयतां म्हणजे पाहते.

मी या सगळ्यात कुठे? मी वीज खात्यात मीटर वाचायला होतो. मीटर वाचणाऱ्याला दिवेही लावता येत असणार, अशा समजुतीनं मंडळानं मला रंगमंचावरचे दिवे सोपवले. त्यामुळे मी नेहमी विंगेत, आणि हलीमाबायही विंगेत. शिवाय तिच्या दुकानाचं मीटर माझ्याच फेरीत. असं करून वर्षानुवर्षं तिला जवळून पाहायला मिळालं.

तिच्या हिरव्याची गोष्ट मला पहिल्यांदा कळली ती दामू मास्तरांच्या नाटकाच्या वेळी. दामू मास्तर म्हणजे आमचे दिग्दर्शक, मराठी शाळेतून निवृत्त झालेले, कडक गृहस्थ. दुपारी रंगीत तालमीला हलीमाबाय टेंपोतून पेटारे घेऊन आली. विष्णूसाठी तिनं काढला तो गडद तांबडा झगा, काळ्या काठाचा.

"हो तांबडो," मास्तर म्हणाले. "हिरवो खंय?"

"हिरवो ना."

"ना म्हणजे? पेटयेंत दिसता तो कितें मग?"

हलीमाबायनं टाचण्या काढल्या.

"आसा. पूण खानाक ना."

"अगो बाय, नाटकां सुरू जाल्या दिसापासून खान हिरवोच आसता! लोकांक कळूंक जाय मगो, हो खान म्हणून!"

"विष्णू विंगेंत आसताना तेचें हांसप भायर आयकूंक येता, मास्तर. लोकांक कळना कशें जातलें?"

आम्ही सगळे हसलो. विष्णूही हसला. मास्तर हसले नाहीत. म्हापशाला दुसरी ड्रेपरी आहे, असं ते म्हणाले. तीही म्हणाली, आहे की, चांगली आहे, हवा तर मी फोन लावून देते. मग तिचा आवाज खाली आला.

"मास्तर, तुमच्या नाटकांतलो खान वायट कित्याक? तेणें दगो दिलो म्हणून. तो दगो तेच्या रंगान दिलो काय? दगो देवपी मनशाक खंयचोय रंग घाला. हो एक सोडून."

मास्तरांना राग आला होता, पण नाटक दुसऱ्या दिवशी होतं. विष्णू तांबड्या झग्यातच उभा राहिला. मी त्याच्यावर तिरपा उजेड टाकला, तेव्हा तो तांबडा वाळलेल्या रक्तासारखा दिसला आणि समोर बसलेली पोरं आयांना बिलगली. खान ओळखायला कुणालाच अडचण आली नाही. मास्तर नंतर एवढंच म्हणाले, "बसलो बरो झगो." त्यांच्याकडून ते पुष्कळ होतं.

पण "हो एक सोडून" म्हणजे काय, ते माझ्या मनात राहून गेलं. पुढच्या फेरीला, भर दुपारी, मीटर वाचून झाल्यावर मी तिला विचारलं. तिनं मला कदेल पुढे केली, म्हणजे खुर्ची, आणि हातातलं शिवण चालू ठेवूनच बोलत राहिली.

तिचा बाप दर्ग्याची चादर शिवायचा. उरूस जवळ आला की दुकानात बाकीचं काम बंद. तो आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून हिरव्या कापडाला हात लावायचा. लहानपणी हलीमाबायनं त्याला विचारलं होतं, हिरवाच का? त्यानं सांगितलं, की कुराणात जन्नतीत जाणाऱ्या माणसांच्या कपड्यांचं वर्णन आहे. त्यांच्या अंगावर हिरवं रेशीम असेल. आणि एकाच तऱ्हेचं नाही, दोन तऱ्हांचं. एक तलम, एक जाड, भरजरी.

"बापाय तें सांगताना हांसतालो," ती म्हणाली. "म्हणटालो, पळय गो, देवान कापडाचीं दोन नांवां घेतल्यांत. पातळ वेगळें, जाड वेगळें. शिंप्याक हाचे परस आनी कितें जाय?"

हे सांगताना तिच्या चेहऱ्यावर जो अभिमान होता तो मी कधी विसरणार नाही. जन्नतीतल्या शिवणकामाचं कंत्राट जणू तिच्याच घराण्याकडे होतं.

जन्नतीतल्या दोन बागा इतक्या दाट हिरव्या आहेत की लांबून काळपट दिसतात, असंही तिच्या बापानं तिला सांगितलं होतं. त्यामुळे हलीमाबायला पोपटी रंग खपत नसे. कुणी पोपटी कापड आणून त्याला हिरवं म्हटलं, की ती ते उजेडात धरायची आणि परत घडी घालून द्यायची. हिरवं असावं ते पावसाळ्यानंतरच्या देवराईसारखं, आतून काळं.

हा रंग तिनं कधी पायाखाली येऊ दिला नाही. हिरवी विजार, हिरव्या मोजड्या तिच्या पेटाऱ्यात नव्हत्याच. एका सभागृहात रंगमंचावर हिरवी चटई अंथरलेली होती, तर ती कडेकडेनं, भिंतीला हात लावत विंगेत पोचली. दामू मास्तर वाचणारे. त्यांनी तिला गाठलं. "हलीमाबाय, तुमच्या जन्नतींत हिरव्यो गादयो आसात. तांचेर लोक टेकून बसतात. मग आमची चटय कित्याक चलना?"

ती म्हणाली, "तें थंय, मास्तर. थंय पांय निवळ आसतात." आणि विष्णूच्या धुळीनं भरलेल्या चपलांकडे पाहिलं.

पण मास्तरांनी एकदा तिला खरोखर अडवलं होतं. मदिनेतला, पैगंबरांच्या कबरीवरचा तो प्रसिद्ध घुमट पहिल्यापासून हिरवा आहे, असं ती बोलण्याच्या ओघात म्हणाली. मास्तर म्हणाले, नाही, हिरवा रंग फार नंतर दिला, आधी तो वेगळ्या रंगाचा होता, मी पुस्तकात वाचलंय. त्यानंतर दुकानात हलीमाबायनं मास्तरांचं नावही काढलं नाही. मग तिचा एक जाणता नातेवाईक बेळगावहून आला, त्याला तिनं विचारून घेतलं आणि स्वतः मास्तरांच्या घरी गेली. उंबऱ्याबाहेर उभी राहूनच म्हणाली, "मास्तर, घुमटाचें तुमचें खरें. मागीर लायलो रंग." मास्तर उठून उभे राहिले, तिला आत बोलावलं. ती जाताजाता म्हणाली, "मागीर लायलो म्हणून कच्चो ना हां तो."

त्याच नातेवाइकानं तिला आणखी एक सांगितलं होतं आणि ते तिला फार आवडलं होतं. हिरवा वापरा, असा हुकूम कुठेच नाही. पैगंबरांना तो आवडायचा असं सांगतात, पण पांढराही आवडायचा. जुन्या राज्यांची निशाणं काळी होती, पांढरी होती. हिरव्यावर लोकांनी आपणहून जीव लावला. हलीमाबाय हे मला सांगून म्हणाली, "पळय पुता. हुकूम ना, मोग आसा. हुकूम कोणूय मानता."

मोग, म्हणजे माया, होती म्हणून तिनं तो रंग लपवून मात्र ठेवला नाही. आईसाहेबांचं काम करणाऱ्या बाईला ती हिरवी नऊवारी द्यायची. साधू, फकीर, न्यायाधीश, कुणी सज्जन रंगमंचावर आला, की त्याच्या अंगावर निदान एक हिरवा शेला असायचाच. आणि मग आमोणे गावातला तो प्रयोग.

त्या नाटकात महाराजांच्या आरमाराचा दर्यासारंग होता, मुसलमान सरदार. भूमिका अगदी लहान. यायचं, मुजरा करायचा, शत्रूची गलबतं बुडवल्याची बातमी द्यायची आणि जायचं. काम दिलं होतं उल्हासला. उल्हास बसवर कंडक्टर. बसमध्ये तिकिटं मागतानासुद्धा खाली बघून बोलणारा माणूस. तालमीत त्याचा आवाज तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नव्हता. मास्तरांनी त्याची आशा सोडली होती.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी हलीमाबायनं सगळ्यात तळाचा पेटारा उघडला. त्यातून मलमलीत गुंडाळलेला एक अंगरखा निघाला. काळपट हिरवी मखमल, गळ्याशी आणि बाह्यांवर रुपेरी जर. तो बापानं शिवलेला होता आणि आजवर कुठल्या राजालाही मिळाला नव्हता. आमचा त्या नाटकातला महाराज तो बघून पुढे सरकला. तिनं त्याला हातानंच मागे सारलं आणि उल्हासला हाक मारली.

"माका?" उल्हास म्हणाला.

"तुका. तूं दर्यासारंग मरे."

"हलीमाबाय, म्हजें काम इतलुशें..."

तिनं टाचण्या काढल्या. अंगरख्याची बटणं लावत लावत ती त्याला ख्वाजा खिज्रची गोष्ट सांगायला लागली. आम्ही भोवती गोळा झालो. खिज्र म्हणजे हिरवा. तो उजाड जमिनीवर बसून उठला, की मागे गवत उगवलेलं असायचं, म्हणून त्याचं हे नाव. तो मेला नाही, अजून फिरतो, असं म्हणतात. दर्यावर, नदीवर होडीवाले संकटात त्यालाच हाक मारतात.

"दर्यार जाता तेचो राखणदार हिरवो," ती म्हणाली. "तूं आज तेच्या रंगांत आसा. मान वयर कर. पांय बी बरे रोव."

उल्हासनं मान वर केली. मी त्याला रोज बसमध्ये पाहत होतो, पण त्याला मान असल्याचं मला त्या दिवशी कळलं. संध्याकाळी तो रंगमंचावर आला तेव्हा माझ्या दिव्यांच्या उजेडात ती जर एकदा चमकली आणि मांडवीकाठच्या त्या सगळ्या लोकांनी त्यानं तोंड उघडण्याआधीच टाळ्या दिल्या. त्यानं बातमी दिली ती शेवटच्या रांगेला ऐकू गेली. महाराजाचं काम करणारा नट नंतर आम्हाला म्हणाला, "त्याच्या मुजऱ्यानं मीच उभा राहणार होतो." आमोण्याला उल्हासला अजून दर्यासारंग म्हणतात. तिकिटं तो आता वर बघून देतो.

मग दिवस पालटले. खाणी बंद पडल्या, विष्णूचे ट्रक अंगणात उभे राहून गंजले. दामू मास्तरांना पक्षाघात झाला. मंडळ नितेशकडे आलं. नितेश गावचाच, पणजीला नाट्यशिक्षण घेऊन आलेला, हुशार आणि मेहनती. त्यानं नवं नाटक बसवलं. माणसांच्या मोबाइलवर तेव्हा एकमेकांच्या धर्मांविषयी नाही नाही ते येऊ लागलं होतं आणि त्याचा थोडा वारा तालमीतही शिरला होता.

नितेश कपडे सांगायला हलीमाबायच्या दुकानात गेला तेव्हा मीही बरोबर होतो. त्याला खान हिरव्यात हवा होता, छातीवर रुपेरी चंद्रकोर हवी होती, आणि खानाच्या मागे हिरव्या झग्यांची सगळी फौज.

"बाकी सगळें दितां," हलीमाबाय म्हणाली. "हिरवो दिवची ना."

नितेश पहिल्यांदा गोडीनं बोलला. रंगाची भाषा असते, प्रेक्षकाला खूण लागते, वगैरे. ती ऐकून घेत होती. मग त्याचा संयम सुटला.

"तुमचो रंग आमी वापरलो म्हणून राग येता काय तुमकां?"

नसरीन शिवणयंत्रावर होती, तिचा पाय थांबला.

हलीमाबायनं टाचण्या काढल्या. आवाज चढला नाही.

"वापर मरे! राजाक घाल. राणयेक घाल. तुझ्या लग्नांत व्हंकलेच्या हातांत हिरवो चुडो घाल. देवान सगळीं झाडां त्या रंगाचीं केल्यांत, तीं काय माका विचारून केल्यांत? पूण एका दगेखोराक तो घालून, तेच्या फाटल्यान आनी वीस जाण तशेच उबे करून, 'पळयात, हे अशेच' म्हणून लोकांक दाखोवपाक माझें कापूड मेळचें ना."

"मग सगळेंच दुसरीकडल्यान हाडतां," नितेश म्हणाला.

"हाड," आण की, अशा सुरात ती म्हणाली आणि टाचण्या परत ओठांत धरल्या.

मंडळाच्या बैठकीत दोन तट पडले. मास्तर धडधाकट असते तर, असं काहीजण म्हणाले. शेवटी दिग्दर्शकाचं ऐकायचं ठरलं आणि कपडे दुसरीकडून आले. गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. ती तालुक्यात फिरली. मये गावच्या मंडळानं, आणखी एका गावानं, नको ती भानगड म्हणून हलीमाबायला त्या वर्षी कपडे सांगितलेच नाहीत. मी मीटर वाचायला जायचो तेव्हा पेटारे बंद असायचे आणि माय-लेकी शाळेचे गणवेश शिवत असायच्या. नसरीन एकदा माझ्यादेखत म्हणाली, "अम्मा, एक झगो दिलो आसलो जाल्यार कितें जातलें? कापूडच तें."

"कापूडच," हलीमाबाय म्हणाली. "म्हणूनच सांबाळून दिवंक जाय." तिला मी त्या सगळ्या दिवसांत रडताना पाहिलं नाही, की चिडतानाही. गणवेशाच्या खिशांची शिवणसुद्धा ती दुहेरी घालत होती.

प्रयोगाच्या दिवशी दुपारी विष्णूची मुलगी शर्वाणी, आमच्या नव्या नाटकातली आईसाहेब, रंगपटात रडकुंडीला आली. नऊवारीचा काष्टा बसेना. भाड्याच्या ड्रेपरीवाल्यानं पेटारे टाकले होते आणि तो जेवायला गेला होता. तिनं कुणाला न विचारता हलीमाबायला फोन लावला. मला वाटलं, ती येणार नाही. ती आली. टेंपोतून उतरली, ओढणी सारखी केली आणि सरळ रंगपटात गेली.

शर्वाणीचा काष्टा तिनं पाहता पाहता बसवला. मग वळली, तर समोर विष्णू. हिरव्या झग्यात, छातीवर पत्र्याची चंद्रकोर. झगा खांद्यावर इतका वाईट बसला होता की विष्णूचा एक हात वर उचलल्यासारखा दिसत होता. नितेश दारात उभा होता. मी विंगेत वायर धरून तसाच थांबलो.

हलीमाबायनं विष्णूकडे वरून खाली पाहिलं.

"खांद्यार बसना," ती म्हणाली. "हांगा यो."

तिनं पिशवीतून सुई काढली, हिरवा दोरा शोधून ओवला आणि त्याच्या अंगावरच तो खांदा उसवून पुन्हा शिवायला घेतला. विष्णूनं त्या दिवशी पोट आत ओढलं नाही. मान खाली घालून उभा राहिला.

नितेशच म्हणाला शेवटी, "हलीमाबाय, तुमी कशाक..."

"रंग तुमचो," ती सुईवरची नजर न काढता म्हणाली. "तेचेर सांगपाचें तें हांवें सांगलां. पूण शिवण वायट आसा. माझ्या दोळ्यांमुखार मनीस वाकडो उबो रावंक फावना."

खांदा झाला. तिनं दातांनी दोरा तोडला, झगा दोन्ही हातांनी सरळ केला. चंद्रकोरीला तिनं हात लावला नाही. "नमाजाचो वेळ जाता," म्हणाली आणि टेंपोकडे निघाली. टेंपो वळणावर दिसेनासा झाला तेव्हा विष्णूनं छातीवरची चंद्रकोर काढली आणि आरशासमोरच्या मेजावर ठेवली. नितेशनं ती पाहिली. तिथेच राहिली ती.

नाटक चांगलं झालं, खोटं कशाला सांगू. टाळ्या पडल्या. पण त्या दिवशी दिवे लावताना माझ्या मनात नाटक नव्हतं. एका बाईनं आपला शब्दही सोडला नव्हता आणि आपलं कामही सोडलं नव्हतं, आणि ती बाई आमच्या साखळीची होती, याचाच मला गर्व वाटत होता. अजून वाटतो.

पुढच्या वर्षी तालमी सुरू व्हायच्या वेळी मी तिच्या दुकानाबाहेर मीटर वाचत होतो, तेव्हा नितेश आला. आत जाऊन उंबऱ्याजवळ उभा राहिला. माफी वगैरे त्यानं मागितली असेल तर मला ऐकू आली नाही. आतून हलीमाबायचा आवाज मात्र आला, टाचण्यांच्या कोपऱ्यातून.

"यंदा तूंय काम करता म्हणें. उबो राव बरो. हात सोड."

त्या वर्षीच्या नाटकात खान जांभळ्या झग्यात होता. मयेवाले दुसऱ्याच आठवड्यात पेटारे न्यायला आले.

शेवटचं तिला पाहिलं ते साखळीच्या सभागृहात. गुडघे धरले होते, दुकान नसरीन बघत होती. आजूबाजूच्या गावांतल्या नाट्यमंडळांनी मिळून तिचा सत्कार ठेवला होता. शाल पांघरली, तर तिनं ती लगेच खांद्यावरून काढून काठ बोटांनी चाचपला आणि माइक समोर असतानाच म्हणाली, "शाल बरी आसा. काठ हातान घालूंक जाय आसलो." सभागृह हसण्यात बुडालं. भाषण तिनं तेवढंच केलं.

सत्कारानंतर नाटक होतं. दिवे त्या दिवशी नव्या पोरांनी घेतले होते, म्हणून मी मोकळा होतो आणि तिच्या शेजारी बसलो. पहिल्या रांगेत. पडदा वर गेला. दरबार भरलेला, झगे, शेले, पगड्या, सगळं उजेडात. काही तिच्या बापाच्या हातचं, काही तिच्या, काही नसरीनच्या. हलीमाबाय पुढे वाकली. बराच वेळ ती कुणाच्या कमरपट्ट्याकडे, कुणाच्या बाहीकडे एकेक करून पाहत होती. मग हळूहळू तिची पाठ खुर्चीला टेकली.

"केन्नाच मुखार बसून पळयलें ना रे हें, पुता," ती कुजबुजली. "हांगासून टांके दिसनात."

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे ओठ मोकळे होते आणि रंगमंचाचा उजेड तिच्या तोंडावर पडला होता.

"बरें केलां आमी," ती म्हणाली.

मग तिनं मला हातानं गप्प राहायला खुणावलं. नाटक सुरू झालं होतं.